जेतवनाच्या नावाने : जपानचे उन्हाळी उत्सव आणि त्यांचे हरवलेले पंचांग

हायकू शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना 'किगो'ची संकल्पना समजावून सांगतो. शिरीष पै ह्यांच्यामुळे हायकू मराठीत रुजला, पण आपल्याकडे येताना त्याने किगोची अट बरीचशी मागे ठेवली. परंपरेनुसार जपानी हायकूत ऋतू सुचवणारा एक शब्द असावा लागतो, आणि कोणता शब्द कोणत्या ऋतूचा हे ठरवून देणारे 'साइजिकी' नावाचे कोश तिथे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जातात. मागे एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तानाबाता ७ जुलैला असतो आणि ओबोन ऑगस्टमध्ये. दोन्ही ऐन उन्हाळ्यात. मग कोशात ते शरद ऋतूखाली का?" त्या दिवशी आम्हांला समाधानकारक उत्तर देता आले नाही. 'परंपरा' म्हणून आम्ही वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. मात्र उत्तर शोधता शोधता आम्ही पंचांगापासून निघून थेट श्रावस्तीच्या जेतवनापर्यंत जाऊन पोचलो, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

एका रात्रीत बदललेले ऋतू

जपानमध्ये १८७२ सालापर्यंत चिनी वळणाचे चांद्र-सौर पंचांग चालत असे. महिना अमावास्येनंतर सुरू होई, पौर्णिमा महिन्याच्या मध्यावर येई आणि सौर वर्षाशी मेळ राखण्यासाठी मधूनमधून अधिक मास धरला जाई. महाराष्ट्रातल्या अमान्त पंचांगाची ज्याला सवय आहे त्याला ह्यात परके काही वाटणार नाही. मेइजी राजवटीने हे पंचांग रद्द केले. जुन्या पंचांगातील बाराव्या महिन्याच्या दुसऱ्या दिवसानंतर जो दिवस उजाडला तो १ जानेवारी १८७३ म्हणून मोजला गेला. पाश्चात्त्य जगाशी व्यवहार सुलभ व्हावा हे कारण होतेच. शिवाय पुढच्या वर्षी अधिक मास येत होता आणि सरकारी नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते, ही चिंता आपल्याला कशी होती, हे त्या वेळचे अर्थकारणी ओकुमा शिगेनोबू ह्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले आहे. ऋतुचक्राच्या इतिहासात खजिन्यातील तुटीला एवढे महत्त्व क्वचितच आले असेल.

उत्सवांचे काय करायचे, हा प्रश्न मग प्रत्येक गावाने आपापल्या परीने सोडवला. काहींनी जुनी तारीख तशीच नव्या महिन्याला चिकटवली : सातव्या महिन्याची सप्तमी म्हणजे ७ जुलै. काहींनी तारीख एक महिना पुढे ढकलली, म्हणजे निदान ऋतू तरी जवळपास तोच राहील. ओकिनावासारख्या प्रदेशांत ओबोन आजही जुन्या चांद्र तिथीनेच पाळतात. त्यामुळे टोकियोत अनेक घरी ओबोन जुलैच्या मध्यावर होतो, बहुतेक जपानात तो ऑगस्टच्या मध्यावर होतो, आणि ओकिनावात दरवर्षी तारीख बदलते. एकाच देशातले मृतात्मे तीन निरनिराळ्या वेळांना घरी येतात, असा हा प्रकार आहे.

जुन्या पंचांगाचा सातवा महिना शरदाचा पहिला महिना गणला जाई. साइजिकीने ती गणना सोडली नाही. शासनाने पंचांग बदलले, शाळा-कचेऱ्यांनी ते स्वीकारले, पण कवितेच्या कोशाने मात्र तानाबाता, ओबोन आणि ओबोनचे नृत्य शरदातच राहू दिले. शोभेच्या दारूकामाचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. ओबोनशी जोडलेले असल्याने ते पूर्वी शरदातच मोजले जाई, पुढे ते उन्हाळ्यात गेले. म्हणजे कोशही अगदी अचल नाही. तरीपण जो काळ राज्यव्यवहारातून हद्दपार झाला त्याला काव्यव्यवहारात आश्रय मिळाला, असे म्हणायला हरकत नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर एवढेच. विस्तृत उत्तर मात्र ह्याच्या पुढे सुरू होते.

श्रवण आणि अभिजित

तानाबाताची कथा मूळची चीनची. विणकर कन्या आणि गुराखी ह्यांचे प्रेम जडते, प्रेमापायी दोघांचे काम सुटते, आणि शिक्षा म्हणून आकाशगंगेच्या दोन तीरांवर त्यांची ताटातूट होते. वर्षातून एकदाच, सातव्या महिन्याच्या सप्तमीला, त्यांची भेट होते. जपानीत ती ओरिहिमे आणि तो हिकोबोशी. ह्या दोन तारका आपल्या ओळखीच्या आहेत. ओरिहिमे म्हणजे आपले अभिजित नक्षत्र आणि हिकोबोशी म्हणजे श्रवण. जुन्या जपानी पंचांगाचा सातवा महिना बहुतेक वर्षी आपल्या श्रावणाशी जुळतो, आणि ज्या नक्षत्राजवळ पौर्णिमेचा चंद्र येतो म्हणून आपल्या महिन्याला 'श्रावण' हे नाव पडले, तेच नक्षत्र तिकडे वर्षभर वाट पाहणारा गुराखी होऊन बसले आहे.

नाराच्या काळातील राजदरबारात ह्या रात्री मुली शिवणकाम, विणकाम आणि सुलेखन ह्यांत कौशल्य लाभावे म्हणून तारकांची प्रार्थना करीत. आठव्या शतकातील 'मान्योशू' ह्या संग्रहात ह्या एका रात्रीवर शंभराहून अधिक कविता आहेत. पुढे अळूच्या पानावरचे दव गोळा करून त्यात शाई उगाळायची आणि कागद-तुतीच्या पानावर कविता लिहायची, अशी रीत पडली. इदो काळात 'तेराकोया' म्हणजे गावोगावच्या पंतोजींच्या शाळा वाढल्या आणि मुलांचे अक्षर सुधारावे म्हणून रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून त्या बांबूच्या फांदीला बांधण्याची प्रथा सर्वत्र पसरली. दरबारातील काव्यविधी शाळकरी मुलांपर्यंत कसा उतरला, ह्याचे हे सुरेख उदाहरण आहे. १८७३ साली शासनाने तानाबातासह पाचही ऋतुपर्वांचा अधिकृत दर्जा काढून घेतला. शाळकरी मुलांनी तो निर्णय मनावर घेतला नाही, हे उघडच आहे.

पण पंचांग बदलल्याने ह्या कथेचे जे नुकसान झाले ते कोणत्याही हुकुमाने भरून निघणारे नाही. जुन्या सप्तमीला पावसाळा संपलेला असे, आकाश निवळलेले असे, आणि अर्धा चंद्र रात्री मावळून गेला की आकाशगंगा स्पष्ट दिसे. ७ जुलै ही तारीख टोकियो-क्योटोकडे ऐन पावसाळ्यात पडते. पाऊस आला तर प्रेमिकांची भेट होत नाही अशी समजूत आहे, म्हणजे नव्या पंचांगाने त्यांची बहुतेक वर्षांची भेट आगाऊच रद्द करून टाकली. सेन्दाइने आपला तानाबाता ६ ते ८ ऑगस्टला ठेवला आहे, त्याचे मर्म इथे आहे.

रोगराईतून जन्मलेली मिरवणूक

जपानच्या उन्हाळी उत्सवांत सर्वांत ख्यातनाम उत्सव म्हणजे क्योटोचा गिओन मात्सुरी. ह्या नावापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबले पाहिजे. 'गि' म्हणजे जेत, 'ओन' म्हणजे उद्यान. गिओन म्हणजे जेतवन : श्रावस्तीचे ते उपवन, जे अनाथपिंडिकाने सुवर्णनाणी अंथरून राजपुत्र जेताकडून विकत घेतले आणि बुद्धाच्या संघाला अर्पण केले. 'हैके मोनोगातारी' ह्या जपानी महाकथेचा आरंभही ह्याच जेतवनाच्या घंटानादाने होतो. क्योटोतील ज्या देवस्थानाचा हा उत्सव आहे तिथे गोझू तेन्नो नावाचा वृषभमुखी देव जेतवनाचा रक्षक म्हणून पूजिला जाई. भारतीय परंपरेत अशा देवतेला आधार सापडत नाही. म्हणजे स्थळ आपले, देव मात्र वाटेत कुठेतरी घडलेला. संस्कृतींच्या प्रवासात असे नेहमीच होते.

हा देव रोग आणणारा आणि रोग हटवणारा असा दुहेरी होता. राजधानी क्योटो सखल, दमट खोऱ्यात वसलेली. पावसाळा आला की नद्यांना पूर, पूर ओसरला की साथी. त्या काळच्या समजुतीनुसार साथ म्हणजे अन्यायाने मेलेल्या थोरामोठ्यांच्या क्षुब्ध आत्म्यांचा कोप. राजकारणात बळी गेलेल्यांचे हे आत्मे म्हणजे 'गोर्यो'. ८६३ साली राजधानीच्या शिन्सेन उद्यानात राजाज्ञेने त्यांच्या शांतीचा सोहळा झाला. त्यांत ७८५ साली कटाच्या आरोपावरून पदच्युत होऊन मेलेला राजपुत्र सावारा प्रमुख होता. पुढे ८६९ साली पुन्हा साथ पसरली तेव्हा देशातील प्रांतांइतके, म्हणजे ६६, उंच भाले उभारून देवाची आराधना करण्यात आली. गिओन उत्सवाची सुरुवात परंपरेने ह्याच वर्षापासून मानतात. आज रस्त्यावरून जे प्रचंड रथ ओढले जातात, त्यांना 'होको' म्हणजे भाला हेच नाव आहे.

राज्यकर्त्यांनी ज्यांना मारले त्यांचीच राज्यकर्त्यांनी सार्वजनिकपणे क्षमा मागावी, ही कल्पना राजकीय दृष्ट्याही मोठी विलक्षण आहे. ओसाकाच्या तेन्जिन मात्सुरीची कथा हीच. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातील विद्वान कवी आणि मंत्री. प्रतिस्पर्ध्यांच्या कारस्थानामुळे ९०१ साली त्याची दूर दाझाइफूला रवानगी झाली आणि ९०३ साली तो तिथेच मेला. पुढे दरबारात अपमृत्यू झाले, ९३० साली राजवाड्यावर वीज कोसळली. धास्तावलेल्या दरबाराने त्याला देवपद दिले. सूड उगवणारा हा आत्मा कालांतराने विद्येची देवता झाला. आज जपानी विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्याच्याच मंदिरात जातात, आणि दरवर्षी २५ जुलैच्या संध्याकाळी ओसाकाच्या नदीतून सुमारे शंभर नौकांची त्याची मिरवणूक निघते. छळ झालेल्या प्राध्यापकाला देव करण्याची ही प्रथा आम्हांला व्यवसायबंधू म्हणून जवळची वाटली, हे कबूल केले पाहिजे.

गिओन उत्सव जुलैचा पूर्ण महिना चालतो. १७ जुलैला सकाळी रथांची पहिली मिरवणूक, त्याच संध्याकाळी देव पालखीत बसून मंदिराबाहेर येतात, नगरातील मुक्कामाच्या जागी आठवडाभर राहतात आणि २४ जुलैला परततात. त्या सकाळी रथांची दुसरी मिरवणूक निघते. रथांचे काम देवाचा मार्ग शुद्ध करण्याचे. घंटा, बासरी आणि ढोलाच्या नादाने रोगाचे भूतगण रथाकडे ओढले जातात, अशी समजूत आहे. म्हणूनच रथ परत आला की तो लगेच उकलून ठेवतात, पकडलेली पीडा तशीच उभी ठेवायची नाही. मोठ्या रथाची उंची शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर आणि वजन दहा-बारा टन असते. त्याचा सांगाडा खिळे न मारता केवळ दोरांनी बांधतात. चाके वळणारी नसल्याने चौकात ओल्या बांबूच्या पट्ट्या अंथरून, सर्व बाजूंनी दोर ओढून रथ अक्षरशः घसरवत वळवावा लागतो. अग्रभागी असणाऱ्या नागिनाता-बोको ह्या रथावर आजही जिवंत बालक बसते. हे बालक त्या काळात देवरूप मानले जाते, त्याचे पाय जमिनीला लागू देत नाहीत, आणि रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर त्याने तलवारीने तोडल्यावरच मिरवणूक पुढे सरकते.

ह्या रथांवर जे लटकते ते पाहून इतिहासाचा विद्यार्थी चक्रावून जाईल. सोळाव्या शतकात युरोपात विणलेली भित्तिवस्त्रे इथे आहेत. एकावर 'इलियड'मधील प्रसंग आहेत, दुसऱ्यावर बायबलच्या जुन्या करारातील, विहिरीवर पाणी पाजणारी रिबेका आहे. ख्रिस्ती धर्म बाळगणे हा देहदंडाचा गुन्हा होता त्या काळातही ही रिबेका देवाच्या मिरवणुकीत निर्धास्त फिरत होती, कारण ती कोण हे कोणाला ठाऊक नव्हते. डच व्यापाऱ्यांनी नागासाकीमार्गे आणलेले भारतीय गालिचेही ह्या रथांवर आहेत, आणि त्यांतील काही दख्खनमध्ये विणले गेले असावेत असा निष्कर्ष गालिचांच्या अभ्यासकांनी काढला आहे. आमच्याकडे उन्हाने आणि वाळवीने ज्यांचा मागमूस ठेवला नाही, अशा वस्त्रांच्या भगिनी क्योटोच्या गल्लीतील वखारींत व्यापाऱ्यांच्या पिढ्यांनी जपून ठेवल्या.

त्या गल्ल्यांनी आणखीही काही जपले. १४६७ साली सुरू झालेल्या ओनिन युद्धात क्योटो जळाले आणि उत्सव ३३ वर्षे बंद पडला. १५०० साली तो पुन्हा सुरू झाला तो नगरवासी व्यापारी-कारागिरांच्या बळावर. १५३३ साली सत्तेने मंदिराचा विधी थांबवला, तेव्हा मोहल्ल्यांचे प्रतिनिधी मंदिरात गेले आणि विधी नसला तरी रथ काढण्याची परवानगी द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. देवापेक्षा मिरवणूक मोठी मानणारे हे धारिष्ट्य. उत्सव दरबाराचा राहिला नव्हता, तो नगराचा झाला होता.

सोमिन आणि कोतान

गिओन उत्सवात बांबूच्या पानांची एक जुडी मिळते. तिला 'चिमाकी' म्हणतात. खाण्याच्या चिमाकीशी नाव सारखे असले तरी ही खायची नसते, दारावर टांगायची असते. तिच्या चिठ्ठीवर मजकूर असतो, त्याचा आशय असा की ह्या घरातील माणसे सोमिन शोराइची वंशज आहेत.

हा सोमिन कोण? एक देव प्रवासी वेषात रात्रीच्या आसऱ्यासाठी गावात आला. श्रीमंत कोतानने त्याला दारातून हाकलले. त्याचा भाऊ सोमिन दरिद्री होता. त्याने बाजरीसारख्या भरड धान्याचे जेवण दिले आणि गवतावर निजायला जागा दिली. पुढे देव परतला तेव्हा त्याने सांगितले, कमरेला गवताचे कडे बांध, साथ येईल तेव्हा तुझे कुटुंब वाचेल. साथ आली, कोतानचे घर बुडाले, सोमिनचे तरले. जून अखेरीस जपानी मंदिरांच्या दारात गवताचे भव्य कडे उभारतात आणि भाविक त्यातून ये-जा करून अर्ध्या वर्षाचा मळ झाडतात, तो विधी ह्या कथेशी जोडलेला आहे. त्या दिवशी क्योटोत तांदळाच्या पिठाची, वर लाल चवळीसारखे अझुकीचे दाणे लावलेली त्रिकोणी वडी खातात. तिचा आकार बर्फाच्या तुकड्याचा. सामान्यांना उन्हाळ्यात खरा बर्फ कुठून मिळणार?

ही कथा आम्हांला ह्या सर्व उत्सवांची किल्ली वाटते. साथीपासून बचाव कशाने होतो? दार बंद केल्याने नव्हे, दार उघडल्याने. रक्षणाचे चिन्ह त्यालाच मिळाले ज्याने अनोळखी, कदाचित रोग घेऊन आलेल्या पाहुण्याला घरात घेतले. आणि तरीही त्या चिन्हाचा उपयोग लोक करतात तो पीडेला दाराबाहेर ठेवण्यासाठीच. सोमिनच्या नावाने प्रत्येक घर थोडे कोतानसारखे वागते. स्वागत आणि बहिष्कार ह्या दोन्ही प्रेरणा एकाच पानांच्या जुडीत बांधलेल्या आहेत.

१८६८ साली मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना एकमेकींपासून अलग केल्या. गोझू तेन्नो हे नाव ह्या आदेशात नामनिर्देशासह निषिद्ध ठरले. देवस्थानाचे नाव यासाका झाले, देवाच्या जागी जपानी पुराणातील सुसानोओ आला. दाराबाहेर उभ्या असलेल्या परक्या देवाला ह्या वेळी राज्यानेच हाकलले. उत्सवाचे नाव मात्र गिओनच राहिले, म्हणजे जेतवन राहिले, आणि सोमिनचे नावही दारांवर राहिले.

ओदनाचे पात्र

ओबोन हा पूर्णतः स्वागताचा उत्सव. त्याचा आधार 'उराबोन' सूत्र. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन दिव्यदृष्टीने पाहतो तो आपली मृत आई प्रेतयोनीत भुकेने तळमळते आहे. तो अन्न नेतो, पण तोंडाशी येताच त्याचे निखारे होतात. बुद्ध सांगतो, वर्षावासाच्या समाप्तीला, सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, संघाला अन्नदान कर. आई मुक्त होते. मुलाने आनंदाने जे नृत्य केले तेच ओबोनचे नृत्य, असे लोक सांगतात. आजच्या अभ्यासकांना हे सूत्र चीनमध्ये रचले गेले असावे असे वाटते, पण वर्षावासाची मांडणी निःसंशय भारतीय आहे. आपल्या मान्सूनने भिक्षूंना तीन महिने एका जागी बसवले, त्या बसण्याच्या समाप्तीवर जपानचा सर्वांत मोठा कौटुंबिक सण उभा आहे.

'उराबोन' ह्या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. परंपरा तो 'उलटे टांगलेले' अशा अर्थाच्या संस्कृत शब्दाशी जोडते. कारशिमा सेइशी ह्या जपानी संस्कृतज्ञांनी २०१३ साली मांडलेले मत आम्हांला अधिक भावते. त्यांच्या मते मुळात 'ओदन' म्हणजे भात आणि 'बोन' म्हणजे पात्र. हे मान्य केल्यास एवढ्या मोठ्या सणाचे नाव केवळ 'भाताचे पात्र' असे ठरते. भाद्रपदात पितरांसाठी पान वाढणाऱ्या समाजाला ह्याचे विवरण करून सांगायला नको.

'निहोन शोकी' ह्या इतिहासग्रंथात ६०६ साली सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी मठांत भोजन घालण्याचा पायंडा पडल्याची नोंद आहे. इदो काळात प्रत्येक कुटुंबाची नोंद एखाद्या मठात असणे सक्तीचे झाले आणि ओबोन घराघरांत पोचला. तेराव्या दिवशी दारात तागाच्या काड्यांची धुनी पेटवून पूर्वजांना वाट दाखवतात. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, वांग्याला लावून बैल. येताना पितरांनी घोड्यावरून लवकर यावे, जाताना बैलावरून सावकाश जावे. विरहाची इतकी घरगुती प्रतिमा आमच्या वाचनात दुसरी नाही. वर्षभरात ज्या घरी मृत्यू झाला असेल तिथे पहिल्या ओबोनला पांढरा कंदील लावतात. ज्यांचे कोणीच उरले नाही अशा बेवारस आत्म्यांसाठीही अन्न ठेवतात. सर्वपित्रीला अज्ञातांच्या नावे पाणी सोडणाऱ्यांना हा भाव परिचित आहे. सोळाव्या दिवशी नरकाच्या कढईचे झाकणही उघडते, तिथल्या सेवकांना सुटी असते, अशी समजूत होती, आणि पेढ्यांवरच्या शिकाऊ पोरांना त्याच दिवशी घरी जायला मिळे. आजही ऑगस्टच्या मध्यावर जपानी शहरे ओस पडतात आणि गावाकडच्या गाड्या भरून वाहतात.

मेइजी काळात अनेक ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी ओबोनचे नृत्य असभ्य आणि अनीतिकारक म्हणून बंद केले. रात्रभर गोल फेर धरून नाचणारी तरुण मंडळी सुधारणेला शोभत नव्हती. आज त्याच नृत्यांचा अभिमान बाळगला जातो. गुजो गावात १३ ते १६ ऑगस्टला लोक पहाटेपर्यंत नाचतात, आणि २०२२ साली युनेस्कोने अशा ४१ लोकनृत्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. सभ्यतेच्या व्याख्या दीडशे वर्षांत कशा कूस बदलतात, ते ह्यावरून दिसते.

अग्नीची अक्षरे

१६ ऑगस्टच्या रात्री आठ वाजता क्योटोभोवतीच्या पाच डोंगरांवर क्रमाने आगी पेटतात. पहिली आकृती 'महान' ह्या अर्थाचे अक्षर, मग 'सद्धर्म' हा अर्थ देणारी दोन अक्षरे, मग नौका, पुन्हा पहिलेच अक्षर आणि शेवटी देवळाचे तोरणद्वार. पितरांना निरोप देणारी ही आग कोणी सुरू केली ह्याविषयी दंतकथा अनेक आहेत, लेखी उल्लेख मात्र सतराव्या शतकाच्या आरंभापासून मिळतात. जळणाच्या लाकडांवर लोक आपल्या मृतांची नावे लिहितात.

युद्धकाळात रात्रीच्या अंधारसक्तीमुळे ही आग बंद होती. १९४३ साली शाळकरी मुले आणि गावकरी पांढरे सदरे घालून सकाळी डोंगरावर चढले आणि त्यांनी स्वतःच्या शरीरांनी ते अक्षर उभे केले. १९४५ साली शरणागतीची घोषणा १५ ऑगस्टला झाली, म्हणजे बहुतेक देशात ओबोन चालू असताना. तेव्हापासून पूर्वजांचे आणि युद्धातील मृतांचे स्मरण एकमेकांत कायमचे मिसळून गेले. नागाओका शहरावर १ ऑगस्ट १९४५च्या रात्री साडेदहाला बॉम्बवर्षाव सुरू झाला, जवळपास दीड हजार माणसे मेली. आज तिथे दरवर्षी त्याच तारखेला, त्याच वेळी, पांढऱ्या शेवंतीसारखे दारूकाम आकाशात सोडतात. मुख्य सोहळा २ आणि ३ ऑगस्टला असतो.

इथे एक सावधगिरी नोंदवायला हवी. टोकियोच्या सुमिदा नदीवरील दारूकामाचा आरंभ १७३३ साली, आदल्या वर्षीच्या दुष्काळात आणि साथीत मेलेल्यांच्या शांतीसाठी झाला, असे सर्रास लिहिले जाते. समकालीन कागदपत्रांत ह्याला आधार नाही आणि ही कथा पुष्कळ नंतरची आहे, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरीही ती कथा लोकांना पटली, कारण मृतांना उद्देशून नसलेला उन्हाळी उत्सव ही कल्पनाच त्यांना अपुरी वाटत असावी. खोटी उत्पत्तिकथाही एका खऱ्या भावनेचा पुरावा असू शकते.

२०११ साली मात्र क्योटोच्या ह्या अग्नीची कसोटी लागली. मार्चमधील त्सुनामीत रिकुझेन्ताकाता गावाचे किनाऱ्यावरचे पाइन वन वाहून गेले होते. त्या झाडांच्या सुमारे चारशे ढलप्यांवर आप्तांनी आपल्या मृतांसाठी शब्द लिहिले आणि त्या क्योटोच्या आगीत जाळायचे ठरले. अणुदुर्घटनेच्या किरणोत्सर्गाची भीती काही नागरिकांनी व्यक्त केली. तपासणीत त्या लाकडांत काही आढळले नव्हते, तरी बेत रद्द झाला. देशभरातून टीका झाली. ती लाकडे ८ ऑगस्टला त्यांच्याच गावात पेटवली गेली. क्योटोने नंतर पाचशे नव्या ढलप्या मागवल्या. त्यांच्या सालीत किरणोत्सर्गी सीझियम सापडले आणि तोही बेत सोडावा लागला. ह्या प्रकरणात कोणाला दोषी ठरवणे आम्हांला सोपे वाटत नाही. भीती निराधार होती असेही म्हणता येत नाही, आणि दुःखिताचे लाकूड दारातून परत गेले हेही नाकारता येत नाही. ज्या नगराच्या दारांवर सोमिनचे नाव टांगलेले असते, त्या नगरापुढे दोन भावांचा प्रश्न पुन्हा एकदा उभा राहिला होता.

त्यानंतर २०२० साल आले. रोगराईतून जन्मलेला गिओन उत्सव रोगराईमुळेच आखडता घ्यावा लागला. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे रथांची मिरवणूक निघाली नाही. पालख्यांऐवजी साकाकीची पवित्र फांदी पांढऱ्या घोड्यावर ठेवून देवाला मुक्कामी नेण्यात आले. डोंगरावरची अग्निचिन्हे मोजक्या ठिपक्यांवर आली. २०२२ साली रथ पुन्हा रस्त्यावर आले, तेव्हा त्यांत ताका-यामा नावाचा रथ होता. १८२६ साली पावसाने खराब झाल्यानंतर तो पुन्हा निघालाच नव्हता. १९६ वर्षांनी तो परतला आणि रथांची संख्या ३४ झाली. १५३३च्या त्या मोहल्लेकऱ्यांची चिकाटी अजून शिल्लक आहे, ह्याचा हा दाखला.

त्या विद्यार्थिनीला आम्ही आता काय सांगू? तानाबाता शरदात का, ह्याचे उत्तर पंचांगात आहे. पण कोशाने तो शरदातच का ठेवला, ह्याचे उत्तर पंचांगात नाही. २०२४ साली १७ जुलैला गिओनचे रथ निघाले त्याच दिवशी आपली आषाढी एकादशी होती. जुन्या पंचांगात गिओनचे दोन मुख्य दिवस सहाव्या महिन्याच्या सप्तमीला आणि चतुर्दशीला येत, म्हणजे बहुतेक वर्षी आपली एकादशी त्यांच्या मधोमध पडत असणार. आमच्या तिथ्या अजून जागेवर आहेत, त्यांच्या हलल्या. तिथी हलल्यावरही शब्दाने आपला ऋतू धरून ठेवला, म्हणून आज हायकू वाचणाऱ्याला निदान एवढे तरी कळते की इथे काहीतरी हललेले आहे. पुढच्या सत्रात हायकूच्या तासाला आम्ही साइजिकीबरोबर फळ्यावर एक पंचांगही टांगणार आहोत.